मटणातली परकी साखर आणि पत्रातली एक ओळ

कोल्हापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, तर थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताईंचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने महिन्याभरापूर्वी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला की मटणात न्यू५जीसी नावाची एक साखर असते, माणसाचं शरीर ती बनवतच नाही, खाल्ली की ती आपल्या पेशींमध्ये जाऊन बसते आणि कॅन्सर करते. सासऱ्यांना ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता आणि त्यातच ते गेले, त्यामुळे पोरगं फार घाबरलंय, सुट्टीत घरी आला तर बुधवार-शुक्रवार-रविवारचं मटण बंद करा म्हणून हटून बसला, स्वतः तर दूधही सोडलं. मिस्टर ४६ वर्षांचे, ते ऐकायला तयार नाहीत. सासूबाई म्हणतात आमच्या पाच पिढ्या तांबडा-पांढरा खाऊन जगल्या. त्यात सासूबाईंचाच हार्टचा व्हॉल्व्ह बदलायचाय, वय ७१, डॉक्टरांनी गाईच्या टिश्यूचा व्हॉल्व्ह सुचवलाय, तर मुलगा म्हणतो त्यातही तीच साखर. ताई विचारतात, "खरं काय, खोटं काय, मटण कायमचं बंद करू का, दुधाचं काय करायचं, याची रक्ततपासणी असते का, आणि ऑनलाइन एक डिटॉक्स पावडर मिळते ती मागवू का?"

ताई, सगळ्याची उत्तरं देते. पण आधी एक दुसरंच सांगायचंय. तिसऱ्या पानावर तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात, "ह्यांना मूळव्याधीचा त्रास आहेच, अधूनमधून रक्त पडतं, पण ते जुनंच आहे." ती ओळ मी तीनदा वाचली. मिस्टरांच्या वडिलांना ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, मिस्टर स्वतः ४६ वर्षांचे, शौचावाटे रक्त जातंय आणि आतून तपासणी एकदाही झालेली नाही, निदान पत्रात तरी तसं काही नाही. आईवडिलांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी ४०व्या वर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करून घ्यावी, किंवा त्यांना ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल ते, आणि मग साधारण दर ५ वर्षांनी पुन्हा, असं पोटाचे डॉक्टर सांगतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांना रक्त जात नसतं तरीही ही तपासणी ६ वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. आता तर रक्त जातंय. मूळव्याध असेलही हो, बहुतेकदा मूळव्याधच निघते, पण ते आत बघून ठरवायचं असतं, घरी बसून नाही. माझ्या सख्ख्या मामांचं आठ महिने चूर्ण आणि मलम चाललं होतं, सगळे म्हणायचे मूळव्याधच आहे, आणि शेवटी आत बघितलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून हे वाक्य मला सहज सोडून देता येत नाही. मटणाचा निर्णय दिवाळीपर्यंत लांबला तरी चालेल. ही अपॉइंटमेंट या आठवड्यात घ्या.

आता साखरेकडे येऊ. मी डॉक्टर नाहीये, बायोकेमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि खरं सांगू का, हा विषय माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या मुलाने सांगितलेल्यातलं अर्धं अगदी खरं आहे, त्याला खोटा पाडू नका. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूने साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या लोंबत असतात, पदराच्या गोंड्यांसारख्या. त्या गोंड्याच्या अगदी टोकाला बहुतेकदा जो मणी असतो ना, तो म्हणजे सियालिक अ‍ॅसिड. नाव अ‍ॅसिड असलं तरी ही नऊ कार्बनची एक साखरच आहे, आम्ल स्वभावाची. टोकाला असल्यामुळे बाहेरून येणारा कुणीही आधी तिलाच भेटतो. फ्लूचा विषाणू पेशीला चिकटतो तो या मण्याला धरून. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा घरोघरी टॅमीफ्लूचं नाव झालं होतं, आठवतंय का, ते औषध काय करतं तर नवीन तयार झालेले विषाणू पेशीतून सुटताना हाच मणी कापून सुटतात, ती कात्री ते बंद पाडतं. इतकी महत्त्वाची ही जागा आहे.

तर सस्तन प्राण्यांमध्ये या मण्याचे मुख्य प्रकार दोन. एक न्यू५एसी आणि दुसरा न्यू५जीसी, पूर्ण नाव एन-ग्लायकोलिल न्यूरामिनिक अ‍ॅसिड, एकदाच लिहिते आणि सोडून देते. दोघांत फरक किती, तर एका ऑक्सिजन अणूचा. 'दात' आणि 'दांत' एवढाच फरक समजा, वाचणाऱ्याला चटकन कळतही नाही. बकरा, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, घोडा, चिंपांझी, सगळ्यांकडे सीएमएएच नावाचं एन्झाइम असतं, ते पहिल्यावर एक ऑक्सिजन चढवून दुसरा बनवतं. माणसात या एन्झाइमचं जनुक मोडलेलं आहे, डीएनएच्या ९२ अक्षरांचा एक तुकडाच गायब आहे, साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वी गेला. त्यामुळे जगातला कुठलाही माणूस, तुम्ही, मी, जपानी, आफ्रिकन, कुणीच ही साखर स्वतः बनवत नाही. (मांजरांची पण गंमत सांगते, त्यांचा ए रक्तगट म्हणजे न्यू५जीसी आणि बी रक्तगट म्हणजे न्यू५एसी, चुकीचं रक्त चढलं तर मांजर दगावू शकतं, एका ऑक्सिजनवरून.)

मोडलेलं जनुक तसंच का टिकून राहिलं, याचा एक तर्क मला फार पटतो. चिंपांझींना होणारा मलेरियाचा एक परजीवी लाल पेशीत शिरायला न्यू५जीसी धरतो. आपल्या पूर्वजांकडून ती साखर गेली तशी त्या परजीवीची पकडच सुटली, त्या मलेरियातून सुटका झाली. पण पुढे त्याचाच एक भाऊबंद उरलेल्या न्यू५एसीला धरायला शिकला, आणि तोच आज माणसांना होणारा सगळ्यात घातक मलेरिया, फाल्सिपेरम.

हे सगळं शोधून काढण्यात ज्यांचं मोठं काम आहे ते डॉ. अजित वर्की, आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. १९८४ च्या सुमाराला त्यांनी एका पेशंटला घोड्याचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, दिलं होतं, त्या पेशंटच्या अंगाने ते घेतलं नाही, सीरम सिकनेस झाला, त्याच्या मागे लागता लागता ते या साखरेपाशी पोचले. म्हणजे असं की घोड्याच्या सीरमवर न्यू५जीसी असते आणि माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज, म्हणजे परक्याला ओळखून अडवणारी प्रथिनं, असतात, हे १९२० च्या दशकातच हँगानुत्झिउ आणि डायशर या दोघांना वेगवेगळं दिसलं होतं, पण अशा अँटीबॉडीज माणसातच का, ते कळायला १९९८ साल उजाडलं, तेव्हा ते मोडलेलं जनुक सापडलं.

इथे जरा थांबून एक महत्त्वाचं सांगते, कारण तुमच्याकडे उसाची शेती आहे असं लिहिलंय. साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात तेही घोड्यांपासूनच बनतं, मुंबईची हाफकिन संस्था कित्येक दशकं बनवतेय. त्याने कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असा सीरम सिकनेस होतो, पण तो औषधांनी बरा होतो आणि घोणस-मण्यार चावल्यावर इंजेक्शन घेतलं नाही तर माणूस जातो. तेव्हा घोड्याची साखर परकी असते हे वाचून उद्या कुणी ते इंजेक्शन नाकारलं तर ते फार वाईट होईल. साप चावला की सरळ हॉस्पिटल, दुसरं काही नाही.

बरं, मग मटण खाल्ल्यावर होतं काय? आपल्या पेशींमधली जी यंत्रणा गोंडे विणते तिला तो अनुस्वाराचा फरक कळत नाही, ती परका मणी आपलाच समजून ओवून टाकते. पण रक्तातल्या अँटीबॉडीजना तो फरक बरोबर कळतो. थोडक्यात स्वयंपाकघराने ज्याला घरचा म्हणून ताट वाढलं त्याच्याकडे दारावरचा राखणदार संशयाने बघतोय. वर्कींनी आणि आणखी दोघांनी ही साखर स्वतः पिऊन बघितली होती, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही लघवीवाटे निघून गेली, पण थोडी अंगात मुरलेली सापडली. आणि अँटीबॉडीज तर आपल्या सगळ्यांकडे असतात, बाळ वरचं खायला लागलं की पहिल्या वर्षातच तयार व्हायला लागतात, कुणात कमी कुणात जास्त. म्हणून शंका अशी की हा रोजचा छोटा वाद आतल्या आत धुमसत राहतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा, आणि वर्षानुवर्षं अशी धुसफूस चालू राहिली की कॅन्सरला पोषक जमीन तयार होते.

इथपर्यंत व्हिडिओ बरोबर. पुढे "कॅन्सर करते" असं जे ठोकून दिलंय तिथे मात्र मी थांबवेन.

ते वाक्य आलंय २०१५ च्या एका प्रयोगातून, तोही वर्कींच्याच गटाचा. उंदरांमधलं ते जनुक मुद्दाम मोडलं, म्हणजे या बाबतीत उंदीर माणसासारखे केले, त्यांना ही साखर असलेलं खाणं दिलं, अँटीबॉडीज असल्या की अंगात सूज वाढते हे दाखवलं, आणि बराच काळ ते खाणं खाणाऱ्या उंदरांमध्ये कॅन्सरच्या गाठी साधारण पाचपट जास्त दिसल्या. मोठा आणि चांगला प्रयोग आहे तो. पण गाठी कुठे झाल्या माहितीये का, यकृतात. आणि माणसांमध्ये लाल मांसाचा संबंध ज्या कॅन्सरशी दिसतो तो मोठ्या आतड्याचा. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. उंदरात यंत्रणा अशी चालू शकते एवढं त्याने दाखवलं, तुमच्या रविवारच्या वाटीभर मटणाने माणसाला किती धोका हे त्यातून निघत नाही. २०१९ मध्ये हृदयाच्या धमन्यांवरही असाच प्रयोग झाला, तिथे तर गंमत अशी की ज्या उंदरांचं जनुक मोडलं होतं त्यांच्या धमन्या ही साखर न खाताही जवळजवळ दुप्पट खराब झाल्या, खाऊ घातल्यावर अजून जास्त. म्हणजे काही भाग आपल्या माणूस असण्याचाच आहे, त्याला मटण सोडून इलाज नाही.

माणसांबद्दल जे भक्कम माहीत आहे ते या साखरेशिवायच माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम, हे पहिल्या गटात टाकलं, कॅन्सर होतो हे नक्की असा तो गट, आणि लाल मांस दुसऱ्या गटात, बहुधा होतो असा. लाल मांसात बकऱ्याचं मटणही येतं, फक्त बीफ-पोर्क नाही, हे तुमच्या मिस्टरांना सांगा. पण गट म्हणजे पुरावा किती पक्का ते, धोका किती मोठा ते नव्हे. रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाणाऱ्याचा आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा आकडा आहे, म्हणजे समजा शंभरातल्या पाच जणांना होणार असेल तर तो सहाच्या आसपास जातो, अठरा जण होत नाहीत. आणि लाल मांसात संशयित एकटी ही साखर नाहीये, रक्ताचं हीम लोह आहे, प्रोसेसिंगमध्ये मांस टिकवायला घालतात ते नायट्राइट आहेत, निखाऱ्यावर किंवा तव्यावर काळं होईपर्यंत भाजल्यावर तयार होणारी रसायनं आहेत. न्यू५जीसी हा त्यातला एक संशयित, माझ्या मते सगळ्यात मन ओढून घेणारा, पण निकाल लागलेला नाही.

दुधाचं उदाहरण घ्या म्हणजे हे नीट कळेल. गाईच्या दुधात ही साखर असते पण थोडी, मटणाच्या मानाने फार कमी, शेळीच्या दुधात त्यापेक्षा जास्त. आता फक्त साखरेचाच हिशोब लावला तर दूध पिणाऱ्यांना आतड्याचा कॅन्सर जास्त व्हायला हवा. पण मोठमोठ्या अभ्यासांत उलटं दिसलंय, दूध-दही खाणाऱ्यांमध्ये तो थोडा कमी होतो, बहुधा कॅल्शियममुळे. तेव्हा मुलाला म्हणावं, आजोबांच्या आजाराला घाबरून दूध सोडणं म्हणजे जे तुझ्या बाजूने उभं होतं त्यालाच घराबाहेर काढणं झालं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला नेहमी जायचा असं लिहिलंत, तर दूध तापवून पी एवढं मी नक्की म्हणेन, ते जंतूंसाठी, साखरेसाठी नाही.

आणि तो हॉस्टेलवर काय खातो तेही विचारा. चिकन सॉसेजचं सँडविच खात असेल आणि चिकन आहे म्हणून चालतं असं समजत असेल तर तेही सांगायला हवं, कोंबडीत न्यू५जीसी नसतेच, बरोबर, पण सॉसेज झालं की ते प्रोसेस्ड मीट, त्यात मीठ आणि नायट्राइट आले. एकाच रेणूकडे बघत बसलं की असं होतं, बाकीचं ताट दिसत नाही.

सासूबाईंच्या पाच पिढ्यांचं म्हणणं पण मी उडवून लावणार नाही. पण त्या पाच पिढ्यांच्या घरात मटण कधी शिजायचं हो? जत्रेला, आखाडात, पाहुणे आले तर, पोरगी बाळंतीण झाली तर अळणी. श्रावण पाळला जायचा, वार पाळले जायचे. आठवड्यातून तीनदा किलो-किलो मटण हे आत्ता आत्ता आलंय, हातात पैसा आल्यावर. त्यामुळे पिढ्यांचा दाखला द्यायचा तर पिढ्यांइतकंच खायचं, असं त्यांना सांगून बघा, माझा अंदाज आहे त्यांना पटेल.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर रविवारचं मटण ठेवलं असतं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं, पण रविवारीच. बुधवारी अंडी किंवा कोंबडी, शुक्रवारी मासे, कोंबडी-अंड्यात ही साखर नाहीच म्हणा आणि माशांत नसल्यासारखीच, माशांच्या गाभोळीत असू शकते पण ती आपण रोज कुठे खातो. आतड्याचा कॅन्सर टाळायच्या शिफारशींत लाल मांसाची मर्यादा शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम आठवड्याला, एका माणसाला, इतकी आहे, म्हणजे रविवारी पोटभर जेवून मिस्टर त्याच्या आतच राहतात, तीनदा खाल्लं तर नाही. सुकं करताना तव्याला लागून काळं होईपर्यंत परतू नका. खिमा घरचा चालेल, पाकिटातले कबाब-सॉसेज नको. आणि त्याच ताटात ज्वारीची भाकरी, कांदा, मुळा, मोड आलेली मटकी हे वाढवा, कारण चोथा आणि अख्खं धान्य आतड्याला जपतं याचा पुरावा या साखरेच्या पुराव्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. तुमच्याकडे भाकरी आहेच, फक्त पांढऱ्या भाताचा डोंगर कमी करा. मिस्टरांची तंबाखू किंवा 'कधीतरीची' दारू असेल तर, पत्रात काही लिहिलेलं नाही तुम्ही, पण असेल तर मटणाच्या आधी ती सुटली पाहिजे.

पूर्ण बंद का नको म्हणतेय त्याचं अजून एक कारण आहे आणि ते तुम्ही स्वतः आहात. हिमोग्लोबिन ९.४ असं तुम्हीच लिहिलंत, तेही कंसात, जणू काही दुसऱ्याचंच आहे. ज्या हीम लोहावर आपण वर संशय घेतला तेच लोह अंगाला सगळ्यात सहज लागतं. घरात मटण बंद झालं की पुरुषांना बाहेर मिळतं, हॉटेल आहेत, मित्र आहेत, बाईच्या ताटातून मात्र ते कायमचं जातं, आणि आत्तासुद्धा वाढताना तुमच्या वाट्याला रस्सा आणि दोन हाडं येतात की फोडी येतात हे मला माहीत नाही पण विचारावंसं वाटतं. रविवारी तुमच्या ताटात नीट फोडी वाढून घ्या. ९.४ चं कारण पण डॉक्टरांकडून शोधून घ्या, पाळी जास्त जाते का, काय ते, गोळ्या चालू करा.

तपासणीचं विचारलंत. न्यू५जीसीच्या अँटीबॉडीज संशोधनासाठी मोजतात, पण तुमच्याआमच्यासाठी अशी तपासणी नाही जिच्या आकड्यावरून डॉक्टर काही ठरवतील. कुणी पॅकेजमध्ये घालून विकत असेल तर पैसे घालवू नका. आणि डिटॉक्स पावडर तर नकोच. पेशीच्या गोंड्यात ओवलेला मणी कुठलीही पावडर उसवून काढत नाही, पेशी जुन्या होतात, नव्या येतात, खाणं कमी केलं की आत येणंच कमी होतं, एवढंच आपल्या हातात आहे. पावडरीचे पैसे कोलोनोस्कोपीला ठेवा.

आता सासूबाईंचा व्हॉल्व्ह. इथे मुलगा बरोबर बोलतोय आणि तरीही निष्कर्ष चुकतोय. गाईच्या किंवा डुकराच्या टिश्यूच्या व्हॉल्व्हवर ही साखर असते, २०२२ मध्ये एक मोठा युरोपियन अभ्यास आला, त्यात दिसलं की हिच्याविरुद्धच्या आणि अल्फा-गॅल नावाच्या दुसऱ्या एका परक्या साखरेविरुद्धच्या अँटीबॉडीज त्या व्हॉल्व्हवर कॅल्शियम साचायला, तो लवकर झिजायला हातभार लावतात. म्हणूनच तर डुकराचं हृदय किंवा किडनी माणसाला बसवायचे जे प्रयत्न चाललेत, २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला बसवलं ते हृदय, २०२४ मध्ये बॉस्टनला बसवली ती किडनी, त्या डुकरांमधलं हे सीएमएएच जनुक आधीच काढून टाकलेलं होतं.

पण टिश्यू व्हॉल्व्ह झिजतो तो वर्षानुवर्षांनी, साधारण १०-१५ वर्षं धरतात, आणि तरुण माणसात लवकर, वयस्कर माणसात सावकाश. सासूबाई ७१ च्या. दुसरा पर्याय धातूचा व्हॉल्व्ह, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला आपला भारतीय चित्रा व्हॉल्व्ह त्यातलाच, तो झिजत नाही पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, सारखी रक्ततपासणी, आणि या वयात कुठे पडल्या-झडल्या तर आत रक्तस्राव होण्याची भीती. म्हणून साधारण ६५ च्या पुढे डॉक्टर टिश्यूचाच सुचवतात आणि ते बरोबर आहे. सासूबाईंना गाईचा म्हणून मनाला लागत असेल तर ते मोकळेपणाने सर्जनना सांगा, लपवू नका, डुकराच्या टिश्यूचेही असतात, बोलून मार्ग निघतो. फक्त या साखरेच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नका. आकुंचन पावलेला व्हॉल्व्ह वाट बघत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मुलगा आणि वडील आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीयेत. पोरगं भांडलं ते मटणासाठी नाही, आजोबांना जाताना त्याने बघितलंय आणि आता बाबांच्या बाबतीत तेच होईल या भीतीने त्याची झोप उडालीये, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतंय. त्याला त्या भीतीचं काय करायचं ते कळत नाहीये, म्हणून जे हाताशी लागलं, मटण, ते धरून बसलाय. तर त्याला खरं काम द्या. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी हलकं खाऊन संध्याकाळपासून पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते लिटर-दोन लिटर पाणी पिणं कंटाळवाणं असतं, रात्रभर फेऱ्या होतात, सोबत कुणी असलं की बरं पडतं. तपासणी अर्ध्या तासाची, गुंगी देऊन करतात, दुखत नाही, आत एखादा कोंब, पॉलिप म्हणतात त्याला, दिसला तर तिथल्या तिथे काढतात. असा कोंब कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतो, म्हणून वेळेत काढला की विषय संपतो. गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, घरचं माणूस बरोबर लागतंच. त्याला शनिवार-रविवार जोडून पुण्याहून बोलावून घ्या आणि सांगा की बाबांना घेऊन तूच जायचंस, रिपोर्ट पण तूच हातात घ्यायचास. मिस्टर तुमचं ऐकत नाहीत असं लिहिलंत, मुलाने "बाबा, मी येतो बरोबर" म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत.